उजवा गाल बाकी आहे

आमचं लग्न तीन दिवसांवर आलं होतं. इंदोऱ्यातल्या घरी अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते... आणि होणारे सासरे उमरेडहून एसटीने आले. पाणी न घेताच म्हणाले, "पोराले गालगुंड झालं."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. हे तेव्हा कोळशाच्या खाणीत नोकरीला. रजा मोठ्या मुश्किलीने मिळालेली, ती हातची गेली तर पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नाही.

बाबा शांतपणे म्हणाले, आपण कुठे मुहूर्त मानतो, पुढे ढकलू. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, आपलाही एखादा मुहूर्त असता तर बरं झालं असतं... एकदा लग्न ढकललं की दहा तोंडं दहा गोष्टी बोलतात. आणि मला तर याच माणसाशी लग्न करायचं होतं. दोनदाच पाहिलं होतं, पण मनाने घेतलं ते घेतलं.

मग सगळी फौज गल्लीतल्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, ज्याला हा आजार एकदा होऊन गेलाय, त्याला सहसा पुन्हा होत नाही. अंग त्या जंतूला विसरत नाही, परत आला की ओळखतं आणि हातपाय पसरायच्या आत त्याचा निकाल लावतं. नवरीला होऊन गेला असेल तर लग्न खुशाल करा.

मी जोरात मान हलवली. दुसरीत असताना झालंच होतं की. मामाच्या लग्नातले लाडू खाता आले नव्हते, ते कोण विसरेल...

तेवढ्यात माझ्या सख्ख्या आईने घोळ घातला. "डाक्टरसाहेब, हिले तं डाव्याच गालाले झालतं. उजवा बाकी हाय."

झालं. सासरे माझ्या उजव्या गालाकडे टक लावून बघायला लागले. मला रडू फुटायच्या बेतात होतं... माझं लग्न एका गालावर येऊन अडलं होतं.

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "माय, रगत का डाव्या गालाचं येगळं अन् उजव्याचं येगळं राह्यते? एका गालाले झालं, तं साऱ्या अंगाले मालूम झालं."

लग्न ठरल्या दिवशीच लागलं. लहान पोरांना शेजारच्या घरी बसवून बुंदी तिकडेच पोचवली. काका मांडवाच्या तोंडाशी उभे, प्रत्येक पाहुण्याला एकच प्रश्न, "गालगुंड झालतं का?" नाही म्हणणारा मागच्या रांगेत. भंतेजींनाही कधी झालं नव्हतं, त्यामुळे पंचशील आम्ही मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून घेतलं. हे गालाला पांढरा रुमाल बांधून बसलेले, आणि हसले की दुखायचं... मी मुद्दाम हसवत होते.

आईला मात्र डॉक्टरांचं पटलंच नाही. पहिल्यांदा माहेरी आले, तर तिने आधी माझा उजवा गाल चाचपला. पुढे माझ्या दोन्ही मुलांना गालगुंड झालं, त्यांना कुशीत घेऊन झोपले, मला काहीसुद्धा झालं नाही. तरी तिचं आपलं तेच... "अजून बाकी हाय वं, जपून राय."

शेवटी अंथरुणाला खिळली, बोलणंही बंद झालं. मी जवळ बसले की तिचा हात हळूहळू वर यायचा आणि माझ्या उजव्या गालावर थांबायचा.

ती गेल्यावर त्या गालाची चौकशी करायला कुणी उरलं नाही, असं एकदा मी यांना बोलून गेले. तेव्हापासून दुपारच्या चहाला हे गाल चाचपतात आणि अगदी आईच्या सुरात म्हणतात, "बाकी हाय."

आजही म्हणाले. असू दे बाकी... अशी काळजी करणारं माणूस घरात आहे, मी सुखात आहे.