ओजूचं टाइमटेबल

रिटायर झालो तेव्हा वाटलं होतं, आता गप्पा मारायच्या त्या नोकरीतल्याच. धुळ्याच्या बस स्टँडवर बत्तीस वर्षं कंट्रोलर होतो. गाड्या सोडायच्या, माइकवर घोषणा करायच्या आणि गाडी लेट झाली की प्रवाशांच्या शिव्या खायच्या. म्हणजे किश्शांना तोटा नाही! पण सकाळी बागेतल्या बाकावर टेकलो, की मित्रमंडळी त्यातलं एक अक्षर ऐकून घेत नाहीत. विचारतात, "आबा, नातवाची काय खबर?"

नातू अडीच वर्षांचा. नाव ओजस, घरात ओजू. आणि खबर म्हणजे, शी-शू कुठे करायची ते त्याला शिकवण्याची! या एका उन्हाळ्यात जेवढं साठलंय, तेवढं बत्तीस वर्षांत साठलं नव्हतं.

* * *

झालं असं, की सूनबाईला, म्हणजे श्वेताला, कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. ओजूच्या वेळी हातातली सोडली होती, त्यामुळे ऑर्डर आली तेव्हा पोरगी आनंदाने रडली. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. पण प्लेग्रुपच्या मॅडमनी बजावलं, "डायपर चालणार नाही. आली की मुलाने स्वतः सांगायला हवं. पहिल्या दिवशी बघू. नाही जमलं तर दिवाळीनंतर या."

आमच्या हिचे, म्हणजे अक्काचे, गुडघे गेलेले. मुलगा प्रशांत घरून काम करतो, पण दिवसभर कानाला हेडफोन. आणि माझ्या एकट्याच्या ताब्यात पोरगं द्यायला घरात कुणीच तयार नव्हतं! म्हणजे ओजू शिकला तर श्वेताची नोकरी, नाहीतर राम राम.

मी म्हटलं, "बत्तीस वर्षं गाड्या वेळेवर सोडल्या. एक पोरगं सोडता येणार नाही?" टाइमटेबलच करून फ्रिजवर चिकटवलं. सात दहा, आठ चाळीस, दहा पाच.

अक्का पाचोऱ्याकडच्या खेड्यातली, मनातलं बोलायचं तर अहिराणीतच बोलते. कागद बघून म्हणाली, "गाडी डायवरना हातमा ऱ्हास. हाऊ पोऱ्या कोना हातमा शे?"

पहिल्याच दिवशी सोफा, गादी, देवघरासमोरचा पाट आणि माझी मांडी. टाइमटेबलमधला एकही स्टॉप घेतला नाही पठ्ठ्याने. सगळे विनंती थांबे!

* * *

मग प्रशांतने पॉट आणला. पिवळा, बदकासारखा, दाबलं की गाणं म्हणणारा. ओजूला बेहद्द आवडला. त्यात त्याने अस्वल बसवलं, माझा चष्मा बसवला, टीव्हीचा रिमोट बसवला. स्वतः मात्र बसला नाही.

त्याच आठवड्यात अक्काच्या बहिणीने जामनेरहून भरताची वांगी पाठवली. हिरवीगार, एकेक हातभर. अक्का भाजायला घेते तर दोन कमी! शोधाशोध झाली. वांगी बदकात बसली होती, वर रुमाल पांघरून.

मी म्हटलं, "अगं, पॉट कोरा आहे अजून. धुऊन घे."

"तुम्ही खाशात?"

मी पेपर तोंडासमोर धरला.

अक्का वांगी हातात धरून श्वेताकडे वळली. "आठ दिन व्हयनात. बठ्ठं घर त्यामा बसनं, फक्त पोऱ्या नही बसना!"

श्वेता हसली, पण नंतर कॅलेंडरसमोर बराच वेळ उभी होती.

* * *

जमलं ते अगदी अपघाताने. एका सकाळी तासभर विनवण्या करून मी वैतागलो. हाताचा कर्णा केला आणि जुन्या सवयीने ओरडलो, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! ओजूची गाडी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे!"

ओजूने माझ्याकडे पाहिलं. शांतपणे चड्डी काढली, बदकावर बसला आणि काम फत्ते! अक्का पदर तोंडाला लावून हसत होती. मी तर नाचलोच.

तेव्हापासून घोषणेशिवाय साहेब बसेनात. एकदा मी दूध आणायला गेलो होतो, श्वेता अंघोळीला, आणि प्रशांतची मीटिंग चालू. ओजू त्याच्यासमोर पाय आवळून उभा. प्रशांत करतो काय बिचारा? ओरडला, "प्रवाशांनी लक्ष द्या! गाडी फलाटावर लागली आहे! लवकर बसा!"

माइक चालू होता. पलीकडून बंगळूरचा बॉस म्हणाला, "प्रशांत, तू प्रवासात आहेस का? आधी गाडीत नीट बस, मग बोलू."

* * *

मे महिन्यात पाचोऱ्याला लग्न होतं. गाडी धरायला अक्का आणि मी, ओजूला कडेवर घेऊन, मोठ्या ऐटीत माझ्या जुन्या स्टँडवर गेलो. त्याला खाली उतरवलं, तोच वर भोंगा खरखरला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..."

माझ्या लक्षात येईपर्यंत चड्डी खाली! भर फलाटावर, बॅगा घेतलेल्या चाळीस माणसांसमोर, साहेब ऐटीत उकिडवे. अक्काने डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि आम्हाला ओळखतच नाही अशी दुसरीकडे बघायला लागली.

माझ्या जागेवर आलेला कंट्रोलर केबिनमधून बादली घेऊन धावला. मी शरमेने अर्धा झालो होतो. तो म्हणाला, "राहू द्या आबा. घोषणा झाल्याबरोबर हललेला प्रवासी इतक्या वर्षांतला हा पहिलाच!"

* * *

शेवटी तो दिवस उजाडला. प्लेग्रुपला पहिला दिवस आणि श्वेताला अकरा वाजता कॉलेजात हजर व्हायचं. मी म्हटलं, "मॅडमना घोषणेचं सांगू या का?"

"नको हो आबा! लाज वाटते. काय म्हणतील त्या?"

ओजू आत गेला. आम्ही दोघं बाहेरच्या पायरीवर. तिच्या अंगावर नवी साडी, मांडीवर ओजूच्या तीन चड्ड्या. साडेनऊ झाले, दहा झाले. तिने ऑर्डरचा कागद चारदा उघडला, चारदा मिटला. माझा जीव टांगणीला लागला होता. या पोरीची नोकरी माझ्या फाजील हुशारीने जाणार, असंच वाटत होतं.

सव्वादहाला आतून ओजूचा आवाज आला, खणखणीत. "पवाशांनी लक्ष द्यावे! ओजूची गाडी लागली आहे!"

मग धावपळ, खुर्च्या सरकल्याचा आवाज आणि एकच गलका. श्वेताने डोळे मिटून घेतले.

दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या. केस विस्कटलेले, साडीचा खोचलेला पदर सुटलेला.

"तुम्ही निघा कॉलेजला," त्या श्वेताला म्हणाल्या. "सांगतो तो. चांगलं वर्गभर ऐकू जाईल असं सांगतो!"

श्वेताने चड्ड्या माझ्या हातात कोंबल्या, वाकून नमस्कार केला आणि रिक्षाकडे पळत सुटली. मी डोळे पुसत पायरी उतरणार, एवढ्यात मॅडम म्हणाल्या,

"आजोबा, तुम्ही कुठे चाललात? आत अकरा पोरं चड्ड्या काढून रांगेत उभी आहेत आणि माझ्याकडे पॉट दोनच आहेत. जादा गाड्या सोडा!"