घासलेलं घुबड

बाजारात त्याला सगळे पारखी म्हणत. धंदा चष्म्याचा, पण वेड जुन्या ग्रीक चांदीच्या नाण्यांचं. कुणी पणजोबांचा ठेवा म्हणून नाणं आणलं, की हा ते भिंगाखाली धरायचा, कडेला साच्यात ओतल्याची रेघ दिसते का बघायचा आणि भीडभाड न ठेवता सांगायचा, "खोटं आहे. घेऊन जा." सख्ख्या मेव्हण्यालाही त्यानं असंच तोंडावर सांगितलं, तेव्हा मेव्हणा वर्षभर घरी फिरकला नाही. खोट्याला खरं किंवा खऱ्याला खोटं म्हणणं या माणसाच्या रक्तातच नव्हतं.

त्याच्याजवळचं एक नाणं मात्र अस्सल होतं. एका बाजूला देवीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घुबड, आणि वर शतकांचा काळपट थर, तीच खरेपणाची खूण. ते संग्रहालयाला द्यायचं ठरलं होतं. काचेखाली पाटीवर आपलं नाव लागावं, एवढी एकच हौस म्हातारपणी उरली होती.

मध्येच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा बायको समोर हसत उभी. "बघा, आता दिसतंय का लख्ख?" तिच्या हातात ते नाणं होतं. टूथपेस्ट आणि तारेची घासणी घेऊन तिनं त्याची पार भांडी घासल्यासारखी गत केली होती. पारख्याच्या पायाखालची जमीन सरकली. पण ती इतकी खुशीत होती, की त्यानं नुसती मान डोलावली.

ठरल्याप्रमाणे संग्रहालयाच्या बाई घरी आल्या. त्यांनी नाणं उलटसुलट करून पाहिलं. "वजन बरोबर आहे हो. पण थर गेलाय, वर नवे ओरखडे. हल्ली नकला फार येतात. अस्सल म्हणून हे मांडायचं धाडस आम्ही नाही करणार."

चहा घेऊन आलेली बायको दारातच थिजली. "म्हणजे माझ्यामुळे? अहो, करायला गेले काय आणि..." तिचे डोळे भरून आले. ते मात्र त्याला बघवेना.

"छे गं! मुळातच खोटं होतं ते," पारखी म्हणाला. "डोळे सुधारल्यावर कळलं मला. बाईंना उगाच हेलपाटा."

बायकोचा जीव भांड्यात पडला आणि तोंड सुटलं. "जगाला शहाणपण शिकवणारे, स्वतःच फसलात की!" संध्याकाळपर्यंत बातमी बाजारभर झाली. मेव्हणा तर चष्म्याचा स्क्रू बसवायचं निमित्त काढून मुद्दाम हसायला आला. पारख्यानं स्क्रू बसवून दिला.

"खोटंच आहे, तर मला लॉकेट करून द्या ना," बायको म्हणाली. "छान चमकतंय, वाया कशाला घालवायचं?"

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यानं चष्म्याच्या काचेला भोक पाडायचं बारीक यंत्र काढलं. देवीच्या चेहऱ्याला धक्का लागू नये म्हणून कडेची जागा धरली. मग त्यानं यंत्र दाबलं. काउंटरपलीकडे बायको गळ्यातली साखळी काढून हातात घेऊन उभी होती.

"झालं का हो?"

"झालं," तो म्हणाला आणि टेबलावरचा चांदीचा भुगा फुंकून टाकला.