दहा टोप्या

मी नाटकी माणूस. बारशाला बोलावलं तरी भाषण ठोकून येतो. पण आयुष्यात एक भूमिका अशी केली की ती पुन्हा कुणाला करून दाखवली नाही. प्रेक्षक होती माझी मावशी.

आम्ही बेने इस्राएल, नगरमधली चार-दोन घरं. मृतासाठी काद्दिश ही प्रार्थना म्हणायची, तर आमच्यात दहा ज्यू पुरुष लागतात. नऊ असले तर काद्दिश होत नाही. हे दहा जमवणं हेच मावशीचं जन्माचं काम. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाकडे मयत झाली की ती एसटीत बसायची आणि शेवगाव, श्रीगोंदा, जिथं आमचा एखादा मास्तर नाहीतर कंपाउंडर असेल तिथून त्याला उचलून आणायची. एकाला तर अर्ध्या दाढीवर आणलं होतं!

माणसं एक-दोन-तीन अशी मोजायची नाहीत, अशी आमच्यात चाल. म्हणून तिनं दहा पांढऱ्या टोप्या शिवल्या होत्या. येईल त्याला एक. टोपली रिकामी झाली की म्हणायची, "करा सुरू."

गेल्या वर्षी काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, जाऊन वर्ष झालं, त्यांचा पहिला वर्षदिन होता. या वेळी दहाजण तिलाच हवे होते. मुलगा इस्राएलमध्ये, फोनवर दिसत होता. "फोनमधला धरत नाहीत," ती म्हणाली, तरी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला.

चार वाजता शेवगावहून दहाव्याच्या सुनेचा फोन आला. "मावशी, बाबांना ताप हाय, उठवत न्हाई."

टोपलीत एक टोपी उरली. सूर्य मावळला की आमचा दिवस बदलतो. मावशी डायरीतला एकेक नंबर लावत सुटली. एक लागला. पलीकडची बाई म्हणाली, "मावशी, ते जाऊन चार वर्षं झाली. दहा माणसं तुम्हीच आणली होतीत."

शेजारचा, काष्टी गावचा टेम्पोवाला दारातून म्हणाला, "मी बसतो की! टोपी द्या, नुस्ती मान डोलवतो."

"डोलवशील रे बाबा, पण वरचा ओळखेल तुला."

सगळे हसले. ती हसली नाही. टोपली पोटाशी धरून गल्लीकडे बघत राहिली. ऊन भिंतीवरून निम्मं उतरलं होतं. पाणी प्यायला ती आत वळली, तेवढ्यात मी टोपी खिशात कोंबली आणि टोपली उलटी करून ओरडलो, "मावशी, रिकामी!"

तिनं टोपलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"करा सुरू."

मी काद्दिश म्हटलं. फोनमधला मुलगा रडत होता.

नंतर टोप्या धुवायला गोळा करताना मी दहावी हळूच ढिगात सरकवली. ती एकेक उचलत गेली. सगळ्या घामानं ओल्या. शेवटची कोरडी, चुरगळलेली.

"आई, दहा होते ना?" मुलानं विचारलं.

"होते," मावशी म्हणाली आणि फोन बंद केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या वर्षदिनाला किती लपवशील? शर्टाला खिसे तरी किती आहेत तुझ्या?"

ती मोरीत बसली आणि दहाही टोप्यांना साबण लावला. कोरडीलाही.