परवानगीपुरता आवाज

लेकीचा घसा बसला की आईच्या पोटात गोळा येई, आणि घसा मोकळा असला की त्याहून मोठा गोळा येई. बसलेल्या घशाला निदान गरम पाण्याच्या गुळण्या देता येतात. मोकळ्या घशाचं काय करायचं? हल्ली रविवार जवळ आला की न्हाणीघरातून लेकीच्या गुळण्यांचा खळखळाट ऐकू येई, आणि आई हातातलं काम टाकून नुसती उभी राहत असे. ही पोरगी उद्या काय बोलणार आणि परवा तिच्यावर काय येणार, हे काही केल्या तिच्या डोक्यातून जात नसे.

तो आवाज जन्मापासूनचा. पहिलं रडणं ऐकून दारातल्या परिचारिकेने मुलगा झाल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं होतं. शाळेत समूहगीताला गुरुजींनी तिला मागच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "तू फक्त ओठ हलव, बाळ." फोनवर तिला आजही लोक दादा म्हणतात. भरड, जड, खोल विहिरीतून यावा तसा आवाज. आणि आई कोण, तर शाळेची ग्रंथपाल. उभा जन्म 'शांतता राखा' या पाटीकडे बोट दाखवण्यात गेलेला. देवाने थट्टा करावी, तीही इतकी शोधून!

पुढे लेकीने विजेच्या दुकानात काम शिकून गल्लीच्या तोंडाशी स्वतःची खोली घेतली. छताला टेकलेले स्पीकर, खिळ्यांवर वेटोळी घालून टांगलेल्या वायरी, सोल्डरिंगच्या तारेचा करपट वास. लग्न असो, सभा असो, शोकसभा असो, माइक हिचाच. गावाने नाव ठेवलं माइकवाली. ती धंद्यात कुणाला नाही म्हणत नसे.

"आई, स्पीकरला पक्ष नसतो. जोडला की वाजतो."

"स्पीकरला नसतो गं. जोडणारीला आहे ना!" आई म्हणायची.

जोडणारीचा पक्ष म्हणजे मावशी. मावशी ही आईची धाकटी बहीण. दोघींचा रोज फोन, विषय काहीही. एकदा तर कपाटाच्या किल्लीवर तासभर बोलणं झालं होतं, आणि किल्ली कपाटालाच होती. मग मावशी मन शांत करायला म्हणून एका पंथाच्या शिबिराला गेली. पंथाचं खरं नाव फार लांब आणि फार पवित्र होतं. घरात त्यांना निवांत मंडळी म्हणत. मंडळी डोळे मिटून बसत आणि कुणी त्यांच्याविषयी चार शब्द लिहिले की त्यांचा वकील डोळे उघडून बसे. त्यांची शिकवण अशी की मन म्हणजे भांड्यातलं पाणी आणि नातेवाईक म्हणजे त्यात फिरणारा चमचा. म्हणून नातेवाइकांना ते 'ढवळे' म्हणत. शिबिर संपलं, मावशी परतली नाही. तिचा निरोप तेवढा आला: ताई, तू ढवळी आहेस.

आई रडली, मग गप्प झाली. गप्प बसण्याचा तिला अनुभव होता. लेकीला नव्हता. ती दर रविवारी मंडळींच्या सभागृहासमोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहू लागली.

फुटपाथवर उभं राहायलाही परवानगी लागते. पोलीस ठाण्यातले अधिकारी मोठे समजूतदार होते. त्यांनी अटी तोंडीच सांगितल्या.

"मंडळाचं नाव घ्यायचं नाही."

"बरं."

"त्यांच्या थोरल्यांचं नाव घ्यायचं नाही. आरोप नाही, टोमणा नाही, प्रश्न नाही."

"प्रश्न का नाही, साहेब?"

"बघा, सुरू झालं! प्रश्न विचारला की समोरच्याला वाटतं उत्तर द्यायला हवं. त्याने भावना दुखावतात."

"मग बोलू काय?"

"बोला की! बोलायला कोण नाही म्हणतंय? आपल्याकडे पूर्ण मोकळीक आहे. फक्त स्पीकर नको. आणि आवाज मापात."

माप घ्यायचं यंत्र ठाण्याकडे नव्हतं. ते माइकवालीकडे होतं. त्यामुळे रविवारी ती एका हाताने यंत्र धरून ओरडायची आणि आकडा शिपायाला दाखवायची. एकदा आवाज मापाबाहेर गेला तर तिनेच शिपायाला जागं करून सांगितलं, "काका, जास्त झालं, लिहून घ्या."

गंमत अशी, की आत सभागृहातही सामान तिचंच होतं. मंडळींचे थोरले, म्हणजे संस्थापक, बरीच वर्षं कुणाला दिसले नव्हते. ते डोंगरावर ध्यानाला बसलेत असं मंडळी सांगत. ते वारले असं बाकीचे सांगत, पण आजूबाजूला बघून. मात्र सभा चालू असताना मध्येच स्पीकरमधून त्यांचा जुना, खरखरीत आवाज येई आणि काहीतरी आज्ञा करी. मिटल्या डोळ्यांनी ऐकायचं, लगेच करायचं, विचारायचं नाही. ती खरखर ऐकण्याजोगी करण्याची कला गावात फक्त माइकवालीला येत असे. मंडळींचा व्यवस्थापक म्हणायचा, सामान शुद्ध आहे, मालकीण ढवळी आहे. आणि तो दर आठवड्याला तिलाच बोलवायचा.

त्या रविवारी तिने पहाटेच आतली जोडणी केली आणि बाहेर येऊन जागा धरली. आई रस्त्यापलीकडच्या बस थांब्यावर, आपला या मुलीशी काही संबंध नाही असा चेहरा करून उभी होती. हातात मात्र गरम पाण्याची बाटली. लेकीने खिशातून बिनवायरीचा माइक काढला. हातात काही धरल्याशिवाय तिला बोलायला सुचतच नसे.

शिपाई पुढे आला. "हे काय?"

"मुका आहे, काका. स्पीकर कुठाय इथे?"

शिपायाने तिच्या मागे पाहिलं, झाडामागे पाहिलं. स्पीकर नव्हता. स्पीकरशिवायच्या माइकला मनाई असल्याचं त्याला काही आठवेना. तो बाजूला झाला.

असे माइक जोडीने येतात आणि जोडीतले दोन्ही एकाच यंत्राशी बोलतात. एक ती व्यासपीठावर ठेवून आली होती, दुसरा खिशात राहून गेला होता, आणि यंत्र आत चालू होतं. हे तिच्या ध्यानातच आलं नाही. सवयीने अंगठ्याने बटण सरकवलं, घसा खाकरला आणि साहेबांच्या साऱ्या अटी पाळून जेवढं उरलं तेवढं ती बोलली:

"घरी फोन करा. आत्ता करा. आई वाट बघतेय. बहीण वाट बघतेय. कुणी रागावणार नाही. फोन करा."

नाव नाही, आरोप नाही, प्रश्न नाही. काटछाट करून साहेबांनी जे शिल्लक ठेवलं होतं ते थेट आज्ञेसारखं झालं होतं, आणि आत शेकडो मिटल्या डोळ्यांवर ते त्या विहिरीतल्या आवाजात जाऊन आदळलं.

सभागृहाची दारं उघडली. मंडळी बाहेर आली ती दारातल्या टोपलीतून आपापले फोन उचलूनच.

"आई, मी बोलतोय... अगं मीच... रडतेस काय? जेवलीस का?"

"बाबा, राँग नंबर नाही हो. मी तुमचाच आहे."

पैलवानासारखा एक गृहस्थ पायरीवर बसून हुंदके देत सांगत होता, "ताई, तुझी छत्री माझ्याकडेच आहे गं, मी नाही म्हटलं होतं ना, ती माझ्याकडेच आहे."

फुटपाथवर एवढी कलकल झाली की शिपायाने माइकवालीकडे मीटर मागितलं.

मावशीही बाहेर आली. वाळली होती. चष्मा वर सरकवून ती फोनवर एकेक आकडा दाबू लागली. रस्त्यापलीकडे आईने आपला फोन दोन्ही हातांत धरला. बाटली कधी खाली पडली, तिला कळलंही नाही. तेवढ्यात व्यवस्थापक अनवाणी धावत आला.

"थांबा! हा आवाज थोरल्यांचा नाही! ती बघा, ती ढवळी!"

सगळ्यांनी पाहिलं. माइकवालीने तोवर हातातल्या माइककडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "अरे देवा," ती म्हणाली, आणि तेही आतल्या स्पीकरमधून घुमत बाहेर सगळ्यांना ऐकू आलं. मावशीचं बोट शेवटच्या आकड्यावर अडलं. तिने फोन टोपलीत ठेवला आणि आत गेली.

संध्याकाळी ठाण्यात बैठक बसली. व्यवस्थापक भावना दुखावल्याची तक्रार घेऊन आला होता.

"कुणाच्या दुखावल्या?" साहेबांनी विचारलं.

"सगळ्यांच्या."

"शिपाई तर सांगतो, लोक हसत होते, घरच्यांशी बोलत होते."

"त्यानेच दुखावल्या."

"बरं. मग असं लिहितो, की या मुलीचा आवाज कुठला आणि थोरल्यांचा कुठला हे तुमच्या लोकांना ओळखता आलं नाही."

व्यवस्थापक दचकला. "असं लिहू नका. त्याने आणखी दुखावतील."

"मग आवाज थोरल्यांचाच होता असं लिहू?"

"छे! मग रोज फोन करू द्यावे लागतील."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका वेळ विचार करावा लागल्याचा शीण होता. शेवटी तोडगा निघाला. माइकवालीने लिहून द्यायचं की यंत्र बिघडलं होतं, आणि यापुढे ती मंडळाविषयी कुठेही, तोंडी, लेखी वा खाणाखुणांनी काही बोलणार नाही. नाहीतर तक्रार पुढे जाईल आणि तिचा स्पीकरचा परवाना मागे. सही केली तर मंडळ मोठ्या मनाने मावशीला महिन्यातून एकदा बहिणीशी बोलू देईल.

"खरंच बोलू देतील?" आईने विचारलं.

"देऊ की," व्यवस्थापक गोड हसला. "माझ्यासमोर. फक्त प्रकृती विचारायची नाही, जुनं काही काढायचं नाही, आणि प्रश्न नकोत. तिचं मन ढवळतं."

साहेब आईला म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. समजवा मुलीला. उद्या दुपारपर्यंत मला एक फोन करा, तुम्ही हो म्हणालात की मिटलं."

घरी आल्यावर दारात चपला काढताना लेक एवढंच म्हणाली, "तुझी बहीण आहे, आई. तू म्हणशील तर करते सही." आणि दुकानात वायरी गुंडाळायला निघून गेली. कधी नव्हे तो तिचा आवाज अगदी बारीक आला होता. जन्मभर आईने हेच तर मागितलं होतं, आणि आता ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सराव करू लागली. पहिला फोन आला की काय बोलायचं? 'कशी आहेस?' हा प्रश्न झाला, आणि प्रकृतीचा. 'किती वाळलीस गं!' हीही प्रकृतीच. 'तुझी निळी शाल अजून माझ्याकडे आहे'. हे जुनं काढणं. 'तुझ्यावाचून करमत नाही'. म्हणजे चमचा घालून गरगर ढवळणं. सगळं वजा करत करत एक वाक्य उरलं: आज हवा बरी आहे.

महिन्यातून एकदा, एका गोड हसणाऱ्या माणसासमोर, दोन बहिणी एकमेकींना हवा सांगणार. आणि एवढ्यासाठी पोरीने तोंड शिवून घ्यायचं.

तिला लगेच परवान्याची आठवण झाली. छताला टेकलेले ते स्पीकर मुके होतील, लेक दिवसभर घरात बसेल, आणि घर काही फार मोठं नाही. हो म्हणून सही करून घ्यावी, मग सगळं शांत होईल, असंही तिच्या मनात येऊन गेलं. शांततेचा तिला आजवर कधी कंटाळा आला नव्हता. आज आला.

साहेबांना फोन करायचाच होता. तो ती करणार होती. मुलगी सही करणार नाही, हे आधी सांगायचं. आणि येत्या रविवारची फुटपाथची परवानगी आपल्या नावाने हवी, हे नंतर. साहेब अटी सांगतील, त्या ऐकून घ्यायच्या, आणि मग स्पष्ट सांगायचं की मला तिथे बहिणीला 'कशी आहेस?' हा एक प्रश्नच विचारायचा आहे, त्याचं काय ते कलम आत्ताच बघून ठेवा.

तिने घोटभर गरम पाणी घेतलं, घसा खाकरला, आणि ठाण्याचा नंबर लावला.