पदराची रेघ

आईच्या वर्षश्राद्धाला स्टीलचे डबे वाटायचे होते आणि त्यांवर तिचा चेहरा कोरायचा होता. कोरायच्या मशीनला फोटो चालत नाही, रेघा लागतात. मंठ्यात माझं बॅनरचं दुकान आहे; लोकांची गेलेली माणसं मी चहा पिता पिता ट्रेस करतो. आईचा फोटो मात्र एकच होता, बहिणीच्या लग्नातला, आणि त्यात पदर पार भुवयांपर्यंत ओढलेला.

मी कॉम्प्युटरवर एकेक रेघ ओढत होतो. वडील शेजारी बसले होते.

"पदर जरा मागं घे की," ते म्हणाले. "तोंड बराबर दिसून न्हाई राह्यलं."

मला राग आला. चारचौघांत तिचा पदर जरा ढळला की हेच खाकरायचे. मी पदराची रेघ उचलून मागं सरकवली. खाली नुसती पांढरी जागा होती.

"आता सांगा, केस कुठून सुरू व्हायचे? भांग मधोमध होता का बाजूला?"

ते स्क्रीनजवळ वाकले. मग हळूच म्हणाले, "तुला ठाऊक असंल. तू लेकरू तिचं."

मलाही ठाऊक नव्हतं. मी रेघ पुन्हा भुवयांवर आणून ठेवली.