अवसेचे दगड

छंद एकाचा असला की लोक हसतात, तिघांचा असला की संशय घेतात. आमच्याबद्दल रत्नागिरीत इतकं बोललं गेलंय, की नवा माणूस भेटला की मीच विचारतो, "तुमच्या कानावर कुठपर्यंत आलंय?"

आम्ही तिघं म्हणजे पोस्टातले अण्णा, बँकेतला बंडू आणि मी, मास्तर. घरी काचेच्या टाकीत समुद्राचं पाणी भरायचं, खडक रचायचे, त्यांवर जिवंत पोवळी बसवायची. ऐंशी सालानंतरची गोष्ट. गावात हे खूळ फक्त आम्हालाच!

*

चांगले खडक उघडे पडतात ते अवस-पुनवेच्या मोठ्या ओहोटीला. म्हणजे दर अवसेला दिवेलागणीच्या वेळी तीन कर्ते पुरुष बादल्या घेऊन किनाऱ्यावर! शेजारच्या काकू अण्णांच्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, दगड आणतात ते आणतात. पुरतात कुठे, ते बघितलंत काय?"

*

बंडूच्या टाकीतले खडक रोज सकाळी ढासळलेले असायचे. त्याने संशय घेतला आधी सासूवर, मग मांजरावर, शेवटी माझ्यावर! "मास्तर, तुम्हाला माझी गुहा बघवत नाही." मी बोलणंच टाकलं. मग एकदा खडकाच्या भोकातून गलेलठ्ठ खेकडा बाहेर आला. बंडूने माझी माफी मागितली. सासूची नाही.

*

अण्णा आपल्या खडकांना खालून लेकीचं, सुमनचं, नेलपॉलिश खुणेसाठी लावून ठेवत. "मित्र आहात म्हणून काय झालं?" एकदा बंडूच्या टाकीतला खडक उलटला, तर खालून लालभडक! बंडू शांतपणे म्हणाला, "पोवळं आहे, लालच असणार."

*

सुमनचं लग्न जमवायची वेळ आली आणि आमचं हसू आटलं. "बाप अवसेला दर्यावर जातो," एवढं कानावर गेलं की स्थळ परत. आता दापोलीचे येणार होते. सुमनला मुलगा फोटोतच आवडलेला. अण्णा म्हणाले, "मास्तर, हेही मोडलं तर काच फोडून टाकतो." मला फार वाईट वाटलं.

पाहुणे आले. टाकीवर चादर टाकलेली, पण पंपाची बुडबुड कशी लपणार? मुलाच्या आईने चादर ओढलीच. "हेच काय ते अवसेचे दगड?"

सुमन पोहे घेऊन दारातच थांबली.

मुलाचे वडील उठले. बाही वर सारली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, एक खडक तिरका केला आणि त्यावरचं पोवळं उजेडाकडे वळवलं. "हे असं ठेवा. मागून पाणी फिरलं पाहिजे, नाहीतर मरतं."

मुलाची आई त्यांच्याकडे बघतच राहिली.

"अहो, दर अवसेला हर्णैला तुमची मीटिंग असते ना?"