डावीकडे दीड इंच

या सदरातले अनुभव मी दर वेळी वाचते आणि वाचता वाचता त्यातला बिघाड शोधते... वायरिंग, वारा, उंदीर, नाहीतर सांगणाऱ्याची अपुरी झोप. बहुतेक वेळा सापडतो. माझा स्वभावच तसा आहे आणि नोकरीही तशीच. आयटीआयमध्ये मी मोटर मेकॅनिक ट्रेड शिकवते. एकोणीस वर्षं झाली. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते शक्यतो जॉब कार्ड भरावं तसं लिहिते – काय दिसलं, काय तपासलं, काय बदललं. तुमच्यापैकी कोणाला बिघाड सापडला तर जरूर कळवा.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरला राहतो. घराच्या मागे टिनाचं शेड आहे, खाली सिमेंटचा कोबा. माझे मिस्टर बँकेत आहेत, त्यांना गाडीत पेट्रोल कुठून टाकतात एवढंच माहीत. पण माझे सासरे, मामाजी, दोन वर्षांपूर्वी शेत मोठ्या दिरांकडे सोपवून आमच्याकडे राहायला आले आणि रिकामे बसून कंटाळले. मला कितीतरी दिवसांपासून एखादी जुनी जीप घेऊन घरीच उभी करायची होती. म्हणजे फक्त चालू करायची नाही, जंगलातल्या वाटांवर नेता येईल अशी स्वतःच्या मनासारखी बनवायची. झरी जामणीकडच्या एका गावात लक्ष्मण आत्राम नावाच्या माणसाकडे एक पडून आहे असं कळलं. पेट्रोल इंजिन, मागे दोन आडवे बाक, चारही टायर हवा जाऊन बसलेले. मामाजींनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "सूनबाई, इंजिन तू पाय. गंज माह्याकडं."

ट्रकवर टाकून आणली. पाच महिने आम्ही दोघं रोज दुपारी तिच्यावर काम करत होतो. मामाजी पॉलिश पेपर घेऊन बसायचे. वरचा हिरवा रंग निघाला, त्याखालचा निळा निघाला आणि अगदी खाली पांढरा लागला. मी इंजिन खोललं, ब्रेकच्या लाइन नव्या टाकल्या, गिअरबॉक्स उघडून बंद केला. या सगळ्यात विशेष काही नाही, म्हणून सोडून देते.

नवे टायर चढवून गाडी पहिल्यांदा जमिनीवर ठेवली तेव्हा ती डावीकडे झुकलेली दिसली. चाकाच्या मधोमधपासून मडगार्डच्या काठापर्यंत टेप लावला – पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा दीड इंच कमी. जुन्या जीप झुकतात, त्यात नवल नाही. पण त्या झुकतात ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, कारण वर्षानुवर्षं तिथलाच पाटा, म्हणजे चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग, दबतो. ही उलटी होती.

पाटे काढून यवतमाळला नेले, ताव देऊन त्यांची गेलेली कमान भरून आणली. बसवले. दीड इंच. डावा पाटा उजवीकडे, उजवा डावीकडे केला. झुकाव उजवीकडे जायला हवा होता... डावीकडेच राहिला. टायरमधली हवा बरोबर होती. चेसिसची तिरकी मापं सूत लावून घेतली, तीही जुळली. मग कोब्यावर संशय आला, म्हणून पाण्याच्या नळीने लेव्हल घेतली आणि शेवटी गाडीच उलट तोंडाने उभी केली. तरी डावीकडे.

बॉडी उतरवली. नुसती चेसिस अगदी सरळ. बॉडी मागच्या बाकांसकट परत बसवली, पुढच्या सीटा नाहीत, तेव्हाही सरळ. ड्रायव्हरची सीट बसवली, सरळ. डावी सीट बसवली आणि टेप लावला. दीड इंच.

ती सीट काट्यावर ठेवली. आठ किलो. आठ किलोंनी जीपचा पाटा दीड इंच दबत नाही, हे मी कोणालाही लेखी देईन. सीट काढली, गाडी वर आली. तिच्या जागी आठ किलो रेती भरलेलं पोतं ठेवलं, काहीच फरक नाही. मामाजी बाजूला बसून पाहत होते. ते उठले, घरातला लाकडी स्टूल आणला आणि पोतं काढून तिथे ठेवला.

गाडी खाली गेली. आमच्या डोळ्यांसमोर, अगदी सावकाश.

"बसायले जागा पाह्यजे त्याले," मामाजी म्हणाले. आवाजात भीती वगैरे काही नव्हती. विहिरीवरच्या मोटारीत पाणी का चढत नाही हे कळल्यावर ते ज्या सुरात बोलतात, त्याच सुरात बोलले.

मी म्हटलं, "मामाजी, तुमी एक डाव बसा बरं तठी." माझा हिशोब साधा होता. त्यांचं वजन साठ किलो, तेव्हा गाडी अजून इंच-सव्वा इंच खाली जायला हवी. मी सीट परत बसवली. त्यांचा उजवा गुडघा कामातून गेलेला, पायदानावर चढताना ते चांगलेच कण्हले. बसले. मी टेप लावला. पुढे तेवढंच माप, दीड इंच. वाढलं नाही.

"मांगून हालली वो गाडी," ते म्हणाले. "मी बसलो तशी."

मागचं डावं चाक मोजलं. सकाळपर्यंत बरोबर असलेलं ते चाक एका इंचाने खाली होतं. मामाजींना उतरवलं. थोड्या वेळाने मागची बाजू वर आली आणि पुढची खाली गेली.

ही सगळी मापं माझ्या वहीत आहेत. त्या दिवशी शेडमध्ये आम्ही दोघंच होतो आणि ऊन लख्ख होतं.

मला भीती वाटली नाही, चीड आली. एकोणीस वर्षं मुलांना शिकवते की गाडी खोटं बोलत नाही... आणि ही माझ्या तोंडावर बोलत होती. मग उपाय सुचला. मूळ बेतच असा होता की पुढे-मागे डावी सीट काढून तिथे हत्यारांची लोखंडी पेटी वेल्ड करायची. जंगलात नेण्याच्या गाडीला ती कामाचीच. सीट नाही तर झुकाव नाही. मी पेटीचं माप घेऊन पत्रा कापायला काढला.

मामाजी पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले. "जागाच काढून घेशीन त ते कुठी बसन?"

"कोण मामाजी?"

"मले काय माहीत? पण मले जागा देली न त्यानं. उठून मांगं गेलं. एवढी रीत असलेलं माणूस हाये, आन तू त्याच्या जागी पेटी ठेवून राह्यली."

सासऱ्यांशी मी कधी वाद घालत नाही आणि तेही कधी माझ्या कामात पडत नाहीत. त्या दिवशी पत्रा भिंतीला टेकवून ठेवला आणि लक्ष्मणला फोन लावला. झुकावाचं काही सांगितलं नाही. गाडीचा इतिहास हवा आहे, एवढंच म्हटलं.

त्याने सांगितलं की गाडी आधी दवाखान्याची होती, पांढरी. त्याचे वडील तिच्यावर ड्रायव्हर होते. पुढे लिलावात त्यांनीच ती घेतली. वडील वारून नऊ वर्षं झाली.

"बाजूला कोण बसायचं?" मी विचारलं.

"मालन सिस्टर न. टोचायले जायच्या पोडापोडांवर, जंगलातल्या वस्त्यांवर. लसीची पेटी मांडीवर घेऊन तठीच बसत. रस्त्यात कोणी पेशंट भेटला त त्याले पुढं बसवत आन आपण मांगं जात."

मी विचारलं, त्या कधी वारल्या. तो हसला. "वारतीन कायले? यवतमाळले हायेत, भाचीजवळ. लकवा मारला म्हून पडून हायेत, बस."

खरं सांगते, त्या क्षणी मला हायसं वाटलं. माणूस जिवंत आहे, म्हणजे आमची शंका वेडगळ, म्हणजे कारण दुसरं काहीतरी मेकॅनिकलच असणार.

पुढच्या रविवारी मी आणि मामाजी बसने यवतमाळला गेलो. भाची शुभांगी, शिवणकाम करणारी, चाळिशीची, मोकळी बाई. लक्ष्मणने तिला फोनवर सांगितलं होतं की जीप घेतलेले लोक भेटायला येतील, इतकंच. मालन सिस्टर खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. ऐंशीच्या आसपास वय, उजवी बाजू गेलेली, बोलणं जरा जड पण समजेल असं. दोन वर्षांत त्या खोलीबाहेर गेल्या नव्हत्या.

मी नमस्कार करून बसले. त्या माझ्याकडे पाहून ओळखीचं हसल्या आणि मामाजींना म्हणाल्या, "भाऊ, गुडघा कसा हाये आता? त्या दिवशी चढताना लय त्रास झाला तुमाले."

शुभांगी घाईने म्हणाली, "मावशी बोलते तसं काहीतरी. मनावर घेऊ नका."

मामाजी खोलीत लंगडतच आले होते. त्यांनी पाहिलं असेल, मी स्वतःला समजावलं. मग मी विचारलं, "सिस्टर, तुम्ही कुठे पाहिलं यांना?"

"गाडीत. दुपारी अठी झोप येत नाई, मंग जाऊन बसते." अगदी साधेपणाने. "पण गाडी चालतच नाई बाई तुमची. नुसती उभी. कधी काढता रस्त्यावर?"

मामाजींनीच उत्तर दिलं, "काढू न. ब्रेकचं थोडं राह्यलं हाये."

"आन मांगच्या बाकाचा एक बोल्ट वर आला हाये," त्या म्हणाल्या. "टोचते. तेवढा पाहजा."

घरी आल्या आल्या मी मागच्या डाव्या बाकाचं रेक्झिन उसवलं. नवं रेक्झिन मीच चढवलं होतं, खालची फळीही मीच ठोकली होती. एक बोल्ट उलटा टाकला गेला होता, टोक पाव इंच वर. वरून हात फिरवला तर कळत नव्हतं, त्यावर बसल्यावरच कळलं असतं. आणि त्या बाकावर तोपर्यंत आमच्यापैकी कोणीही बसलं नव्हतं.

बोल्ट बदलला. पत्रा मी विकून टाकला.

ब्रेकचं काम झालं, कागदपत्रं झाली आणि थंडीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही जीप घेऊन यवतमाळला गेलो. मामाजी मागे बसले, पुढे बसायला तयारच झाले नाहीत. शुभांगीच्या दारात गाडी सपाट जागी उभी केली, मामाजी उतरल्यावर मी टेप लावला. दीड इंच.

शुभांगी आणि मामाजींनी सिस्टरना खुर्चीसकट उचलून आणलं आणि आम्ही तिघांनी मिळून त्यांना डाव्या सीटवर बसवलं, शाल आणि पट्टा नीट बांधला. त्या हाडापेराने मोठ्या आहेत, पंचावन्न किलो तरी असतील. मी परत टेप लावला. दीड इंच. केसभरसुद्धा फरक नाही. दोनदा मोजलं.

पांढरकवड्याच्या रस्त्याने बरंच लांब गेलो. सिस्टरनी डावा हात मांडीवर अर्धा गोल करून धरला होता, खड्डा आला की तो हात घट्ट व्हायचा. एका फाट्यावर म्हणाल्या, "अठून आत चार पोडं होते. पावसाळ्यात आत्राम भाऊ गाडी नाल्यापाशी ठेवे, पुढं पायी." परत फिरताना त्यांच्या चेहऱ्यावर ऊन होतं आणि त्यांनी डोळे मिटले नव्हते. शुभांगी मागे बसून रडत होती.

दारात आल्यावर आम्ही त्यांना उतरवलं. खुर्ची जमिनीला टेकली आणि मागे पाट्यांचा कुर्र असा आवाज झाला. गाडी वर आली. मी टेप लावला – डावं, उजवं, पुढे, मागे. चारही सारखी. सगळ्या सीटा जागेवर असताना पहिल्यांदाच.

मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. काम पुरं झाल्याचा आनंद.

पंधरा दिवसांनी आम्ही सहज भेटायला गेलो. दुपारची वेळ होती. सिस्टर खिडकीकडे तोंड करून जाग्या पडल्या होत्या. मी विचारलं, "कशा आहात? येता की नाही गाडीत?"

त्यांनी मान हलवली. "नाई जाता येत आता. लय करून पाह्यलं." जराही तक्रार नव्हती आवाजात. "तुमी मले उतरवलं न."

मी म्हटलं, "पुन्हा घेऊन येते गाडी. पुन्हा बसवू तुम्हाला."

"आणा न, बसीन की," त्या म्हणाल्या. "पण तशी नाई येणार मी."

तेव्हापासून महिन्यातून दोन रविवार आम्ही त्यांना फिरवून आणतो. त्या बसल्या की गाडी इंचभर खाली जाते, उतरल्या की वर येते. जशी जायला हवी तशी, यायला हवी तशी. मधल्या दिवसांत मी शेडमध्ये टेप लावून पाहते. सरळ.

वर्गात मी पहिल्याच दिवशी सांगते, कारण सापडल्याशिवाय दुरुस्ती झाली असं म्हणायचं नाही. इथे झुकाव गेला आणि कारण मला आजही सापडलेलं नाही. तो बिघाड होता की नव्हता, हेसुद्धा आता मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मोडलं ते मी, एवढं मात्र मला कळतं.